तलवार आणि तह : चांद सुलतानाचे चरित्र

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात चांदबीबीच्या वाट्याला साधारणपणे अर्धे पान येते. त्या अर्ध्या पानात अहमदनगरचा किल्ला असतो, तटाला पडलेले खिंडार असते आणि त्या खिंडारात चेहऱ्यावर नकाब घेऊन, हाती नंगी तलवार धरून उभी असलेली राणी असते. मुलांना हे चित्र आवडते आणि ते खोटेही नाही. पण ते एका दिवसाचे चित्र आहे. चांदबीबी सुमारे पन्नास वर्षे जगली. त्यांतील बहुतेक वर्षे तिने तलवारीपेक्षा समजूत, सल्ला, पत्रव्यवहार आणि तह यांच्या बळावर दोन राज्ये सावरण्यात घालविली. शेवटी तिचा जीव गेला तोही शत्रूच्या हातून नव्हे. तह करावा असे ती म्हणाली, एवढ्यासाठी तिच्याच लोकांनी तिला मारले.

खानदेशातील वाचकांना या चरित्राविषयी विशेष जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. ज्या मोगली स्वारीने चांदबीबीचा बळी घेतला, त्याच स्वारीत खानदेशचे फारुकी राज्यही बुडाले. थाळनेरला तापीच्या काठी फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. त्या घराण्याचा अस्त आणि चांदबीबीचा अंत यांत अवघ्या काही महिन्यांचे अंतर आहे. म्हणून ही कथा नगरची असली तरी आपलीही आहे.

माहेर

चांदबीबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील हुसेन निजामशहा हे अहमदनगरचे तिसरे सुलतान आणि आई खुंझा हुमायूं. आई मोठी कर्तबगार होती. १५६५ मध्ये हुसेनशहाचा मृत्यू झाला तेव्हा मुलगा मुर्तझा लहान होता. त्याच्या नावाने खुंझा हुमायूंनेच काही वर्षे राज्याचा कारभार पाहिला. ती दरबारात बसे आणि मोहिमांतही जातीने हजर असे. पुढे मुलाशीच बेबनाव होऊन तिला कैदेत जावे लागले. हुसेनशहाच्या पराक्रमावर रचलेले एक सचित्र फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेले आहे. त्याच्या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती, परंतु नंतर कोणीतरी तिच्या आकृत्या पुसून टाकल्या. सत्तेवर बसलेल्या स्त्रीला इतिहासातून पुसण्याची ही खटपट मुलीने पाहिली असेल किंवा नसेल, पण आईच्या उदयाचा आणि पतनाचा धडा तिच्या डोळ्यांसमोर घडला होता.

राजघराण्यातील मुलींना त्या काळी शिक्षण मिळे. चांदबीबीला फारसी, अरबी आणि तुर्कीबरोबर मराठी आणि कानडीही येत असे, ती सतार वाजवी आणि फुलांची चित्रे काढी, असे तिच्याविषयी सांगितले जाते. घोड्यावर बसण्यात आणि बहिरी ससाण्याच्या शिकारीत ती तरबेज होती. हातावर ससाणा घेऊन घोडा फेकणारी चांदबीबी हा पुढे दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय झाला. भाषांचा मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फारसी ही दरबाराची भाषा होती, पण तटावरचा गोलंदाज, खंदक खणणारा बेलदार आणि गावचा पाटील यांची भाषा मराठी होती. पुढे वेढ्याच्या काळात राणीचा शब्द थेट सामान्य माणसापर्यंत पोचला, त्यात या शिक्षणाचा वाटा असला पाहिजे.

सासर

विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांनी एकजूट केली, तेव्हा ती पक्की करण्यासाठी दोन विवाह झाले. विजापूरच्या अली आदिलशहाला चांदबीबी दिली गेली आणि अलीची बहीण मुर्तझाला. ज्या सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन्ही राज्यांची वर्षानुवर्षे भांडणे चालली होती, तो किल्ला चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरला मिळाला. विवाह राजकारणाचा होता, तरी संसार सुखाचा झाला. अली आदिलशहा तिला बरोबर घेऊन स्वाऱ्यांवर जाई आणि राज्यकारभारात तिचा सल्ला घेई.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूल नव्हते. पुतण्या इब्राहीम नऊ वर्षांचा होता. त्याला गादीवर बसवून चांदबीबीने त्याचे पालनपोषण आणि शिक्षण आपल्याकडे घेतले. कारभार मात्र सरदारांच्या हाती गेला. पहिला कारभारी कामिलखान उद्धट निघाला तेव्हा तिने किश्वरखानाच्या मदतीने त्याला दूर केले. किश्वरखान त्याहून वाईट ठरला. त्याने राणीवर आळ घेऊन तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. परंतु हा अन्याय विजापूरच्या लोकांना आणि लष्कराला सहन झाला नाही. किश्वरखानाला पळून जावे लागले आणि हबशी सरदार इखलासखानाच्या अमदानीत राणी सन्मानाने परतली.

विजापुरातील हा घोळ पाहून निजामशाही आणि कुतुबशाही फौजा चालून आल्या आणि त्यांनी शहराला वेढा घातला. म्हणजे चांदबीबीच्या माहेरची फौज तिच्या सासरच्या वेशीवर उभी राहिली. ती सासरच्या बाजूने राहिली. तट पावसाने ढासळले होते, दख्खनी आणि हबशी सरदारांत फूट होती, तरी वेढा महिनोन् महिने चालून अखेर शत्रू हात हलवीत परत गेला. फुटलेल्या दरबाराला संकटाच्या वेळी एकत्र कसे आणायचे, याची पहिली परीक्षा येथे झाली. इब्राहीम मोठा होऊन कलावंत आणि उदार राजा म्हणून नावाजला गेला. त्याला वाढविणारे हात चांदबीबीचे होते, हे आपण विसरता कामा नये. १५८४ च्या सुमारास इब्राहीमच्या बहिणीचा विवाह निजामशाही राजपुत्राशी ठरला. वधूबरोबर चांदबीबी माहेरी गेली आणि पुढे ती नगरचीच झाली.

घरातली आग

अहमदनगरला तिने जे पाहिले ते विजापूरहूनही भयंकर होते. भाऊ मुर्तझा मनाने खचलेला होता. १५८८ मध्ये त्याच्याच मुलाने, मिरान हुसेनने, त्याचा जीव घेतला. पुढल्या वर्षी मिरान हुसेनही मारला गेला. त्यानंतर इस्माईल, त्यानंतर त्याचा बाप बुऱ्हाण, त्यानंतर इब्राहीम, असे सुलतान भराभर बदलले. इब्राहीम १५९५ मध्ये विजापूरशी झालेल्या लढाईत पडला. त्याचा मुलगा बहादूर अगदी तान्हा होता.

राज्यात आता चार तट पडले. दख्खनी पक्षाचा मियान मंजू याने अहमद नावाच्या एका मुलाला राजवंशातला म्हणून गादीवर बसविले. तो राजवंशातला नाही असे म्हणून हबशी सरदार उठले आणि त्यांनी दुसराच मुलगा पुढे केला. तिसऱ्या पक्षाने जुन्या शहाचा म्हातारा मुलगा शाहअली याला सुलतान ठरविले. चौथा पक्ष तान्ह्या बहादूरचा, म्हणजे चांदबीबीचा. हबशांनी किल्ल्यात कोंडले तेव्हा मियान मंजूने घाबरून गुजरातेत असलेल्या मोगल शहजादा मुरादला मदतीसाठी पत्र पाठविले. काही दिवसांतच त्याने हबशांचा पराभव केला आणि मग त्याला पश्चात्ताप झाला. पण एकदा उघडलेले दार लोटता येत नाही. अकबर बादशहा दख्खनसाठी निमित्तच शोधत होता. मुराद निघाला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. अकबराची उदारता, विद्वानांची कदर आणि सर्व धर्मांविषयीचा आदर यांचे गुणगान आपण करतो आणि ते योग्यच आहे. परंतु उत्तरेत चांगला राज्यकारभार करणारा बादशहाही दक्षिणेत शेजाऱ्याचे राज्य गिळायला निघाला की त्याला आक्रमण हेच नाव द्यावे लागते. येथे चढाई करणारे मुसलमान होते आणि तटावर उभे असलेलेही मुसलमान आणि हिंदूच होते. हे युद्ध धर्माचे नव्हते. मोठ्या साम्राज्याने लहान राज्यांना गिळण्याचे ते युद्ध होते. दख्खनच्या लोकांनी ते तसेच ओळखले. आपल्या इतिहासाकडे धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी चांदबीबीचे चरित्र पुन्हा वाचावे.

खानदेशची कोंडी

मोगलांना दक्षिणेत उतरायचे तर वाट खानदेशातून होती. तापीचे खोरे, बुऱ्हाणपूर आणि त्यावर पहारा देणारा असीरगड हे दख्खनचे दार. माळवा आणि गुजरात मोगलांनी आधीच घेतले होते. १५६२ मध्ये पीर मुहंमद या मोगल सरदाराने बुऱ्हाणपूर लुटून कत्तल केली होती, त्याची आठवण ताजी होती. त्यामुळे फारुकी सुलतान राजा अलीखान फार जपून पावले टाकी. १५९१ मध्ये अकबराने कवी फैजीला वकील म्हणून पाठविले तेव्हा त्याने बादशहाचे वर्चस्व मान्य केले आणि राज्य वाचविले.

राजा अलीखान हा लहानसहान माणूस नव्हता. त्याने १५९० च्या सुमारास बुऱ्हाणपूरची जामा मशीद पूर्ण केली. तीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. असा राजा मनाने दख्खनचा होता, परंतु बळाने बादशहापुढे तोकडा होता. अहमदनगरच्या स्वारीत मोगलांच्या बाजूने आपली फौज घेऊन त्याला जावे लागले. चांदवडजवळ तो आणि खानखाना अब्दुर्रहीम मुरादच्या सैन्याला मिळाले. लहान राज्याला साम्राज्यापुढे दोनच वाटा उरतात, लढणे किंवा मान तुकविणे, असे आपण समजतो. खानदेशने दुसरी वाट धरली. तिचे पर्यवसान काय झाले ते पुढे दिसेलच.

वेढा

डिसेंबर १५९५ मध्ये मोगल सैन्य अहमदनगरपुढे आले. त्याआधीच मियान मंजू अहमदला घेऊन मदत आणण्यासाठी विजापूरच्या सरहद्दीकडे निघून गेला होता. किल्ल्यात त्याने ठेवलेल्या अन्सारखानाचा काटा काढून चांदबीबीने सारी सूत्रे हाती घेतली आणि बहादूरच्या नावाची द्वाही फिरविली. बहादूर त्या वेळी जुन्नरकडच्या चावंड किल्ल्यात अडकलेला होता. म्हणजे ज्या राजासाठी लढायचे तोही किल्ल्यात नव्हता.

मुरादने शहरातील रयतेला अभय दिले होते. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. पण शहाबाजखानाच्या सैनिकांनी शहर लुटले. काहींना शिक्षा झाल्या, परंतु विश्वास एकदा गेला तो गेलाच. लोक घरेदारे सोडून निघून गेले. मोगल छावणीला धान्य आणि वैरण मिळणे अवघड झाले, त्याचे एक मोठे कारण ही लूट होती. अभयवचन मोडणाऱ्या सैन्याला परक्या मुलखात रसद कोण देणार?

किल्ल्यात चांदबीबीने तटाचे भाग वाटून दिले, बुरुजांवर माणसे नेमली, दारूगोळ्याची पाहणी केली. त्याच वेळी तिचे वकील विजापूर आणि गोवळकोंड्याकडे धावत होते. ज्या इब्राहीमला तिने वाढविले होते, त्याला तिने मदतीची हाक दिली. इब्राहीमने सोहेलखानाला मोठे सैन्य देऊन पाठविले, गोवळकोंड्याची कुमकही निघाली. नगरच्याच भांडणाऱ्या पक्षांनाही तिने निरोप पाठविले. हबशी सरदार अभंगखान रात्रीच्या अंधारात मोगलांची फळी फोडून निवडक स्वारांसह किल्ल्यात शिरला. त्याच्याबरोबर आलेल्या वृद्ध शाहअलीला मात्र बरीच माणसे गमावून मागे फिरावे लागले. मलिक अंबर त्या काळी याच अभंगखानाच्या पदरी होता.

तोफांनी तट पडेना तेव्हा मोगलांनी जमिनीखालून सुरुंग खणले. मोगल छावणीतील ख्वाजा मुहंमदखान शिराझी याच्याच्याने किल्ल्यातल्या लोकांची ही कत्तल पाहवली नसती. एका रात्री तो तटापाशी आला आणि सुरुंगांची बातमी आत देऊन गेला. चांदबीबीने रातोरात खणायला लावून दोन सुरुंग शोधून निकामी केले. तिसरा शोधण्याचे काम चालू असतानाच मोगलांनी त्याला बत्ती दिली. फेब्रुवारी १५९६ चा तो दिवस. मोठा स्फोट होऊन तटाचा पन्नास गजांच्या आसपासचा भाग उडाला. खणणारी माणसे ढिगाऱ्याखाली गेली. भलेभले सरदार जागा सोडून मागे सरले.

त्या क्षणी चांदबीबी चिलखत घालून, नकाब घेऊन, हाती तलवार धरून खिंडारापाशी आली. राणी उभी राहिलेली पाहून पळणारे थांबले आणि परत आले. मोगल इतर सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबले होते, ते उडालेच नाहीत. तेवढा वेळ किल्ल्याला मिळाला. बाण, तोफगोळे आणि दारूचे जळते बाण यांचा खिंडारावर असा मारा झाला की खंदक प्रेतांनी भरून निघाला. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत मोगलांनी पुनःपुन्हा हल्ले केले आणि ते परतविले गेले. रात्री राणी स्वतः उभी राहिली. दगड, माती, लाकूड, मिळेल ते रचून सकाळपर्यंत खिंडार चढून येण्याजोगे राहिले नाही. तोफगोळे संपल्यावर तांब्याचे, चांदीचे आणि अखेर सोन्याचे गोळे डागले, अशी दंतकथा पुढे पसरली. सोन्याचे गोळे खरे असोत नसोत, लोकांनी आपल्या राणीची आठवण कोणत्या धातूत जपली हे त्यावरून कळते. त्या दिवसापासून शत्रूच्या छावणीतही तिला चांदबीबीऐवजी चांद सुलताना म्हणू लागले, असे इतिहासकार नमूद करतात.

तह आणि त्याची किंमत

दुसऱ्या कोणी या विजयाने धुंद होऊन लढा ताणला असता. चांदबीबीने तसे केले नाही. किल्ल्यात अन्नाची टंचाई होती. सोहेलखान येत होता, परंतु तो कधी पोचेल याची शाश्वती नव्हती. तिकडे मोगल छावणीतही उपासमार होती आणि मुराद आणि खानखाना यांचे एकमेकांशी पटत नव्हते. दोन्ही बाजू थकलेल्या असताना तहाची बोलणी झाली. वऱ्हाड मोगलांना द्यावे आणि त्यांनी बहादूरला निजामशहा म्हणून मान्य करून परत जावे, असे ठरले. वऱ्हाड देणे राणीला जड गेले, परंतु राजधानी, राजा आणि राज्याचा गाभा वाचला. चार वर्षांची उसंत मिळाली.

ती उसंत दरबाऱ्यांनी वाया घालविली, हीच या चरित्रातील मोठी शोकांतिका. चांदबीबीने मुहंमदखानाला पेशवा नेमले. त्याने अभंगखानासह इतर सरदारांना कैद केले आणि आपले आसन डळमळू लागताच खानखानाशी संधान बांधले. पुन्हा एकदा चांदबीबीला विजापूरची मदत मागावी लागली. सोहेलखान आला, मुहंमदखानाला दूर केले आणि अभंगखान पेशवा झाला. इकडे मोगलांनी वऱ्हाडापलीकडे पाथरीचा मुलूखही बळकावला. तेव्हा विजापूर, गोवळकोंडा आणि नगर यांच्या फौजा सोहेलखानाच्या हाताखाली एकवटल्या आणि १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठ भागात खानखानाशी तुंबळ लढाई झाली.

या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना खानदेशचा राजा अलीखान आपल्या अनेक सरदारांसह मारला गेला. रात्री तो दिसेनासा झाला तेव्हा मोगलांनी समजले की तो फितूर झाला किंवा पळाला. त्यांनी त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणावर त्याचे प्रेत सापडले. ज्याच्यासाठी प्राण दिला त्यानेच घर लुटले. मान तुकवूनही साम्राज्याचा विश्वास मिळत नाही, हा धडा खानदेशने किती महाग विकत घेतला! त्याचा मुलगा बहादूरखान याने मोगलांपासून अंग काढून असीरगडाचा आसरा घेतला, त्याला ही जखमही कारण असावी.

लढाई मोगलांनी जिंकली, पण खानखाना आणि मुराद यांच्या भांडणामुळे त्यांना पुढे फारसे सरकता आले नाही. मे १५९९ मध्ये मुराद दारूच्या व्यसनाने मेला. अकबराने धाकटा शहजादा दानियाल याला पाठविले आणि १६०० मध्ये तो स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला.

अखेर

नगरला आता चांदबीबी आणि पेशवा अभंगखान यांचेही जमेनासे झाले होते. अभंगखानाने तर किल्ल्यालाच वेढा घातला होता. ज्याने एकदा तिच्या मदतीसाठी मोगलांची फळी फोडली, तोच आज तिच्या तटाखाली होता. दानियालचे सैन्य येत आहे असे कळताच तो घाटात अडवायला गेला, पण लढाई न देताच जुन्नरकडे निघून गेला.

पुन्हा किल्ल्याभोवती मोगल आले. पण हे १५९६ साल नव्हते. बाहेरून येणारी कुमक नव्हती, वऱ्हाड गेले होते, सरदार विखुरले होते आणि बादशहा जातीने खानदेशात होता. चांदबीबीने परिस्थिती जोखली. किल्ला देऊन लोकांच्या जीविताची हमी घ्यावी आणि लहान सुलतानाला घेऊन जुन्नरला जावे, तेथून डोंगरी मुलखाच्या आधाराने राज्य टिकवावे, असे तिचे मत पडले. हे भित्रेपणाचे मत नव्हते. किल्ला ही भिंत आहे आणि राज्य म्हणजे माणसे, हे तिला कळले होते.

तिने हा विचार हमीदखान या किल्ल्यातील अधिकाऱ्याजवळ बोलून दाखविला. त्याने बाहेर येऊन ओरड केली की राणी मोगलांना फितूर झाली. घाबरलेला आणि चिडलेला जमाव तिच्या महालात शिरला आणि जुलै १६०० च्या सुमारास चांद सुलतानाची हत्या झाली. चार वर्षांपूर्वी जिच्या एका दर्शनाने पळणारे लोक परत फिरले होते, तिच्यावर एका माणसाच्या ओरडण्याने लोकांनी विश्वास टाकला.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. ऑगस्टमध्ये मोगलांचे सुरुंग उडाले, या वेळी खिंडारात उभे राहायला कोणी नव्हते. किल्ला पडला, आतली माणसे मारली गेली आणि लहान बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. ज्या कत्तलीपासून राणी लोकांना वाचवू पाहत होती, ती कत्तल लोकांनीच ओढवून घेतली. जानेवारी १६०१ मध्ये असीरगडही अकबराच्या ताब्यात गेला. बहादूरखान फारुकीलाही ग्वाल्हेरचीच वाट दाखविण्यात आली. एकाच नावाचे दोन पदच्युत राजे, एक नगरचा आणि एक खानदेशचा! दोनशेहून अधिक वर्षांचे फारुकी राज्य संपले. शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशला काही काळ दानदेश म्हटले गेले. ते नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. आपला प्रांत खानदेशच राहिला.

मागे काय उरले

राजधानी पडली तरी निजामशाही लगेच संपली नाही. जुन्नर, परांडा अशा भागांतून राज्य चालू ठेवण्याचा जो मार्ग चांदबीबीला दिसत होता, तोच पुढे मलिक अंबरने धरला. परांड्याला नवा निजामशहा बसवून, मराठा आणि हबशी स्वारांच्या जोरावर १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना झुंजविले. त्यानंतर शहाजीराजांनी १६३६ पर्यंत निजामशाहीचा झेंडा खांद्यावर घेतला. म्हणजे ज्या मतासाठी राणीला फितूर ठरविले गेले, ते मत बरोबर होते हे पुढल्या छत्तीस वर्षांनी सिद्ध केले.

अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. शहराजवळच्या डोंगरावर जो तीन मजली मनोरा दिसतो त्याला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. परक्याच्या कबरीलाही लोकांनी तिचेच नाव देऊन टाकले. जिचे चित्र पुसले गेले त्या आईच्या मुलीला लोकांच्या मनातून कोणी पुसू शकले नाही.

या चरित्रातून आपल्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? आक्रमणाचा प्रतिकार केलाच पाहिजे, आक्रमक आपल्या धर्माचा असो की परक्या, हा पहिला धडा. दुसरा धडा असा की प्रतिकार म्हणजे नुसती तलवार नव्हे. कधी खिंडारात उभे राहायचे आणि कधी चार पावले मागे येऊन माणसे वाचवायची, हे ओळखणे त्याचाच भाग आहे. आणि तहाची गोष्ट करणाऱ्याला फितूर म्हणून ओरडणारा हमीदखान प्रत्येक काळात असतो, त्याच्या ओरडण्यामागे धावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हा तिसरा आणि सर्वांत कठीण धडा.

आपल्या विद्यार्थिनींना मात्र वेगळे सांगायचे आहे. चांदबीबीने दोन राज्ये सांभाळली ती केवळ राजाची मुलगी म्हणून नव्हे. तिला लिहितावाचता येत होते, अनेक भाषा येत होत्या, हिशेब आणि माणसे कळत होती. त्या काळी हे शिक्षण राजवाड्यापुरते होते. आज ते जळगावच्या मोहल्ल्यातल्या आणि धुळ्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातल्या मुलीलाही मिळू शकते. आपल्या संस्थेचे काम तेवढ्यासाठीच आहे. तट पडतात, राज्ये जातात. शिकलेली मुलगी घरात असली की ते घर सहजासहजी पडत नाही.